सामायिक सॉफ्टवेअरला पालक हवा

केंब्रिज विद्यापीठाच्या गणितीय प्रयोगशाळेत 1949 साली एडसॅक नावाचा संगणक चालू झाला, आणि त्यानंतर थोड्याच काळात तेथे एका पोलादी कपाटात छिद्रे पाडलेल्या कागदी फितींची लहान लहान भेंडोळी क्रमवार लावून ठेवण्याचा प्रघात पडला. वर्गमूळ काढणे, त्रिकोणमितीतील किमती काढणे, आलेले उत्तर छापून देणे, अशी जी कामे प्रत्येक गणितात पुनःपुन्हा येतात, त्यांची आज्ञावली एकदाच लिहून आणि कसून तपासून त्या फितींवर उतरवलेली असे. ज्याला गरज पडेल त्याने ती फीत काढावी, आपल्या फितीवर तिची यांत्रिक नक्कल करून घ्यावी आणि मूळ फीत जागच्या जागी परत ठेवावी, असा तेथील शिरस्ता होता. मॉरिस विल्क्स, डेव्हिड व्हीलर आणि स्टॅन्ले गिल या तिघांनी 1951 साली आज्ञावली-लेखनावर जो ग्रंथ प्रसिद्ध केला, त्यात या संग्रहाचे सविस्तर वर्णन आहे. एकाने लिहावे आणि अनेकांनी वापरावे या आज जगभर रूढ झालेल्या पद्धतीचा आरंभ याच कपाटापासून धरावा लागतो.

परंतु त्या कपाटाहूनही मला महत्त्वाचा वाटतो तो व्हीलर यांनी 1952 साली एका छोट्या निबंधात नोंदवलेला अनुभव. आज्ञावली लिहून झाली, तपासून झाली, तरी एक मोठे काम शिल्लकच राहते, आणि ते म्हणजे तिच्या अंतरंगाशी ज्याचा परिचय नाही अशा माणसालाही ती सहज वापरता येईल असे तिचे वर्णन लिहिणे; हे शेवटचे कामच कदाचित सर्वांत कठीण ठरते, अशा आशयाचे त्यांचे म्हणणे होते. ज्या काळी संगणक हाताच्या बोटांवर मोजण्याइतके होते, त्या काळी हे ज्याला उमगले, त्याच्या दृष्टीची झेप पाहून मन आदराने भरून येते; आणि सत्तर वर्षे उलटून गेल्यावरही आपल्याकडील कार्यालये, मग ती खाजगी कंपन्यांची असोत वा शासनाची, सामायिक भांडार उघडताना नेमके हेच काम निवडून वगळतात, हे पाहून तितकाच विषाद वाटतो.

माझे म्हणणे थोडक्यात असे आहे की, सॉफ्टवेअरचा पुनर्वापर म्हणजे श्रमांची निव्वळ बचत नव्हे. ते श्रमांचे स्थलांतर आहे. लिहिण्याचे श्रम वाचतात, पण राखण्याचे श्रम वाढतात, आणि या राखण्याच्या कामाला माणसाचे नाव, त्याचा ठरलेला वेळ आणि त्या वेळेचे वेतन ही तिन्ही जोडून दिल्याखेरीज सामायिक भांडार उघडण्यात काही अर्थ नाही.

वाचकांपैकी ज्यांचा या व्यवसायाशी संबंध नाही त्यांच्यासाठी एक अगदी साधे उदाहरण घेऊ. बारा लाख चौतीस हजार पाचशे सदुसष्ट ही रक्कम आपण 12,34,567 अशी लिहितो. उजवीकडून प्रथम तीन अंक आणि नंतर दोन-दोन अंक सोडून स्वल्पविराम देतो. पाश्चात्त्य पद्धतीत तीच रक्कम 1,234,567 अशी होते. साहजिकच आपल्याकडे हिशेबाचे, करवसुलीचे किंवा बँकेचे कोणतेही सॉफ्टवेअर लिहिणाऱ्या माणसाला हे स्वल्पविराम देणारा दहा-पंधरा ओळींचा कोड कधी ना कधी लागतोच. पुण्यामुंबईच्या कोणत्याही मोठ्या कचेरीतील सामायिक रिपॉझिटरी, जिला तेथील मंडळी नुसते रेपो म्हणतात, उघडून पाहिली, तर हा कोड तिथे एकदा नव्हे, तीन-चार वेळा, तीन-चार वेगळ्या नावांनी सापडण्याचा संभव फार. त्यांतील एकात पैशांचा विचार केलेला नसतो. दुसऱ्यात देवनागरी अंक चालत नाहीत. तिसऱ्यात रक्कम ऋण असली की उणे चिन्हाच्या लगेच मागे स्वल्पविराम येऊन बसतो, आणि तीनशे रुपयांची येणे बाकी कागदावर -,300 अशी विचित्र छापली जाते. चौथा कदाचित निर्दोष असेल. पण चारांपैकी निर्दोष कोणता, हे सांगणारी एक ओळही तिथे लिहिलेली नसते, आणि ज्याने तो लिहिला तो इसम दुसऱ्या कंपनीत रुजू झालेला असतो. मग नवा माणूस जे करतो त्याबद्दल त्याला दोष देता येत नाही: तो पाचवा लिहितो.

हीच गोष्ट नीट सांभाळली गेली म्हणजे काय होते, तेही पाहण्यासारखे आहे. युनिकोड कन्सोर्टियम ही संस्था 2004 पासून सीएलडीआर नावाचे एक सामायिक भांडार चालवते. जगातील शेकडो भाषांचे महिने, वार, दिनांक लिहिण्याचा क्रम, अंक, चलनाची चिन्हे आणि स्वल्पविरामांच्या जागा त्यात नोंदलेल्या आहेत. मराठीचे खातेही त्यात आहे, आणि लाख-कोटींची आपली रीत व देवनागरी अंक त्यात यथास्थित दाखल आहेत. कोणतीही नोंद तिथे परस्पर बदलता येत नाही. सूचना येतात, भाषेचे जाणकार त्यांवर मत देतात, मतांची छाननी होते आणि मगच ठरावीक काळाने क्रमांकित आवृत्ती प्रसिद्ध होते. आपल्या हातातल्या मोबाईलवर मराठी निवडल्यावर जो दिनांक नीट मराठीत दिसतो, त्याच्यामागे बहुतेक वेळा हे भांडार उभे असते. जे काम कचेरीतल्या चौघांनी चार वेळा अर्धवट केले, ते इथे एकदाच पूर्ण झाले, याचे कारण इथले लोक अधिक बुद्धिमान आहेत हे नसून, इथे प्रत्येक नोंदीला कोणीतरी उत्तरदायी आहे, हे आहे.

पुण्याच्या पेशवे दफ्तराची हकीकत मराठी वाचकाला अपरिचित नाही. हजारो रुमालांत बांधलेले कागद तिथे सुरक्षित होते, त्यांना वाळवी लागू नये याची काळजीही घेतली जात होती. परंतु गोविंद सखाराम सरदेसाई यांच्या देखरेखीखाली 1930 नंतरच्या काही वर्षांत निवडक कागदांचे पंचेचाळीस खंड विषयवार लावून छापले गेले, तेव्हाच ते दफ्तर सर्वसामान्य अभ्यासकाच्या हाती आले. कागद जपणे निराळे आणि कागद उपयोगी करणे निराळे. सॉफ्टवेअरच्या भांडारांत आज आपण रुमाल बांधून ठेवण्यापर्यंतच आलेलो आहोत.

आता वर्णन आणि देखरेख नसताना तयार वस्तू उचलली तर काय अनर्थ ओढवतो, याचे एक उदाहरण मला थोडे विस्ताराने सांगितले पाहिजे, कारण ते अवकाशशास्त्राच्या इतिहासात कायमचे नोंदले गेले आहे आणि त्यातला बोध अग्निबाणापुरता मर्यादित नाही. 4 जून 1996 रोजी दक्षिण अमेरिकेतील फ्रेंच गयानामधल्या कूरू येथून युरोपचा एरियान-5 हा नवा अग्निबाण आपल्या पहिल्याच उड्डाणास निघाला, आणि एंजिने प्रज्वलित होऊन चाळीस सेकंद होतात न होतात तोच मार्ग सोडून कलला, मोडला आणि त्याच्यातील स्वयंविनाशक यंत्रणेने नष्ट झाला. त्याच्याबरोबर पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राच्या अभ्यासासाठी तयार केलेले क्लस्टर मालिकेतील चार उपग्रहही गेले. गणितज्ञ जॅक-लुई लियॉन्स यांच्या अध्यक्षतेखालील चौकशी मंडळाने पुढच्याच महिन्यात जो अहवाल दिला, त्यातून निष्पन्न झाले ते असे. अग्निबाणाची दिशा व गती मोजणाऱ्या उपकरणातील सॉफ्टवेअर आधीच्या एरियान-4 मधून जवळजवळ जसेच्या तसे घेतले होते. तिथे ते वर्षानुवर्षे निर्दोष चालले होते, आणि चालत्या गोष्टीला हात लावू नये या समजुतीने इथेही त्याला हात लावला गेला नाही. त्यात एक भाग असा होता की ज्याचे काम उड्डाणापूर्वीच संपते. परंतु जुन्या अग्निबाणाच्या एका सोयीसाठी तो उड्डाणानंतरही सुमारे चाळीस सेकंद चालू ठेवलेला असे, आणि नव्या अग्निबाणाला त्या सोयीची गरजच नव्हती. या निरुपयोगी भागातच आडव्या गतीशी संबंधित एक मोठी संख्या सोळा बिटांच्या लहान जागेत बसवण्याची क्रिया होती. जुन्या अग्निबाणाच्या मार्गक्रमणात ती संख्या त्या जागेपेक्षा मोठी होऊ शकत नव्हती, म्हणून तिथे संरक्षक तपासणी घातली नव्हती. नवा अग्निबाण मात्र सुरुवातीलाच कितीतरी अधिक आडवा वेग घेत होता. संख्या मावली नाही, उपकरण बंद पडले. आणि संकटसमयी उपयोगी पडावे म्हणून ठेवलेले दुसरे उपकरण, त्यातही तेच सॉफ्टवेअर असल्यामुळे, त्याच कारणाने क्षणमात्र आधीच बंद पडलेले होते.

इथे कोड चुकीचा होता असे म्हणता येत नाही. ज्या कामासाठी तो लिहिला त्या कामात तो अचूक होता. चुकले ते एवढेच की, कोणत्या गृहीतावर तो अचूक आहे ही गोष्ट कोडाबरोबर प्रवास करून नव्या घरी आली नाही, आणि ती आली आहे की नाही हे विचारण्याचा जिम्मा कोणावरही ठेवलेला नव्हता. सामायिक वस्तूच्या वर्णनात ती काय करते हे तर लिहिले पाहिजेच. पण ती काय गृहीत धरते आणि कोणत्या मर्यादेपलीकडे ती वापरू नये, हे त्याहून ठळक लिहिले पाहिजे.

ही अडचण आपल्या दारापर्यंत कशी येते ते पाहा. महाराष्ट्रात 29 महानगरपालिका आहेत, आणि मालमत्ता कर त्या सर्वांनाच आकारावा लागतो. एका महापालिकेने जनतेच्या पैशातून चांगले सॉफ्टवेअर करून घेतले, तर बाकीच्यांनी ते वापरावे, हा विचार इतका स्वच्छ आणि न्याय्य आहे की त्याला विरोध करण्याची कल्पनाही मनात येऊ नये. मी तर त्याचा कट्टर पुरस्कर्ता आहे. परंतु मुंबईत 2010 पासून कर भांडवली मूल्यावर बसतो आणि पुण्यात तो वार्षिक करपात्र मूल्यावर बसतो. एकाच्या गणिताचा पाया दुसऱ्याला लागू नाही. अशा स्थितीत कोणता भाग सर्वांना समान, उदाहरणार्थ मालकाची नोंद, पावती, थकबाकीवरील शास्ती, आणि कोणता भाग स्थानिक नियमांवर अवलंबून, याची फोड करून प्रत्येक भागाची गृहीते लिहून ठेवणारा माणूस नसेल, तर उसनवारीने आणलेले सॉफ्टवेअर नागरिकाच्या बिलावर जो आकडा छापील तो बरोबर आहे हे कोणत्या आधारावर मानायचे?

केंद्र शासनाने 2015 साली या दिशेने एक स्तुत्य पाऊल टाकले. शासकीय सॉफ्टवेअरचा मूळ कोड खुला करून सर्व खात्यांनी सहकार्याने विकास करावा, असे धोरण त्या वर्षी जाहीर झाले आणि त्यानुसार ओपनफोर्ज नावाचे राष्ट्रीय भांडारही उभे राहिले. या धोरणाचे श्रेय ते ठरवणाऱ्यांना मनःपूर्वक दिले पाहिजे. पण भांडार उभे करण्याचा आदेश आणि भांडारातील प्रत्येक वस्तूच्या संगोपनाची तरतूद या दोन भिन्न गोष्टी आहेत, आणि दुसरीवाचून पहिली फळत नाही.

इटलीने याबाबत काय केले ते आपल्या सचिवालयांनी अवश्य अभ्यासावे. तिथल्या डिजिटल प्रशासनाच्या कायद्याने सार्वजनिक संस्थांना आपले सॉफ्टवेअर पुनर्वापरासाठी खुले करणे बंधनकारक केले आहे, आणि अशा प्रत्येक भांडारात ठरावीक नमुन्याची एक वर्णनपत्रिका ठेवावी लागते. त्या पत्रिकेत नाव, आवृत्ती, कोणत्या कामासाठी, ही माहिती असतेच. पण तिच्यात देखभालीचे एक स्वतंत्र कलमही आहे. हे सॉफ्टवेअर संस्थेचे स्वतःचे कर्मचारी राखतात, कंत्राटदार राखतो, वापरकर्त्यांचा समुदाय राखतो, की कोणीच राखत नाही, हे तिथे स्पष्ट नोंदवावे लागते. कंत्राटदार असेल तर त्याचे कंत्राट कोणत्या तारखेपर्यंत आहे तेही लिहावे लागते. कोणीच राखत नाही असे लिहिण्याची सोय त्या नमुन्यात मुद्दाम ठेवली आहे, ही मला त्यातील सर्वांत प्रामाणिक गोष्ट वाटते, कारण ते वाचून घेणारा सावध होतो. एस्टोनियाने तर याहून पुढचा मार्ग काढला. शासकीय खात्यांत माहितीची सुरक्षित देवाणघेवाण करणारी एक्स-रोड ही त्यांची व्यवस्था 2001 पासून चालू होती; शेजारच्या फिनलंडने ती स्वीकारली, तेव्हा दोन्ही देशांनी मिळून 2017 साली तिच्या संगोपनासाठी एक स्वतंत्र संयुक्त संस्थाच स्थापन केली. सामायिक मालमत्तेला सामायिक खर्च आणि सामायिक पालक, असा तो रोखठोक करार आहे.

पालक थकला म्हणजे काय होते, हेही अलीकडे जगाने पाहिले. एक्सझेड ही माहिती संक्षिप्त करणारी लहानशी लायब्ररी असंख्य संगणकांत आहे. तिचा भार बरीच वर्षे मुख्यतः एकाच माणसाने, विनावेतन वाहिला. त्याच्यावर कामाचा ताण आहे हे हेरून मदतनीस म्हणून विश्वास संपादन केलेल्या एका टोपणनावधारी व्यक्तीने 2024 साली तिच्यात गुप्त चोरवाट घातली. लॉगिनला नेहमीपेक्षा सुमारे अर्धा सेकंद अधिक लागतो आहे एवढ्या सूक्ष्म शंकेवरून आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्याने तिचा माग काढला म्हणून मोठा अनर्थ टळला. जगाने पिढीभर फुकट वापरलेल्या वस्तूच्या रक्षणाचा भार एका दमलेल्या माणसावर सोडून द्यावा, हे मला केवळ अव्यवहार्य नव्हे, तर अन्यायाचे वाटते.

यावर आक्षेप येतो तो खर्चाचा. इतकी व्यवस्था ठेवायची तर पुनर्वापरातून वाचले काय, असे विचारले जाते. त्याला माझे उत्तर असे की, म्हणूनच भांडारात काय ठेवायचे याची निवड काटेकोर हवी. 2016 च्या मार्चमध्ये जावास्क्रिप्टच्या सामायिक भांडारातून लेफ्ट-पॅड नावाचे अकरा ओळींचे पॅकेज त्याच्या कर्त्याने काढून घेतले, आणि त्यावर थेट किंवा आडमार्गाने विसंबलेल्या हजारो प्रकल्पांची कामे त्या दिवशी अडली. अक्षरमालेच्या डाव्या बाजूला रिकाम्या जागा भरणे एवढेच त्याचे काम होते. अशी वस्तू स्वतः लिहिणेच श्रेयस्कर. ज्या वस्तूच्या संगोपनाचा खर्च तिच्या उपयोगाहून जास्त, तिला भांडारात जागा देऊ नये, आणि जी वस्तू ठेवली ती पूर्वसूचना व मुदत दिल्याशिवाय काढू देऊ नये. त्या भांडाराच्या चालकांनीही पुढे काढून घेण्याचे नियम कडक केले ते योग्यच झाले.

दुसरा आक्षेप बोलून दाखवला जात नाही, पण तो अधिक खोल आहे. आपल्या व्यवसायात नवे निर्माण करणाऱ्याला बढती मिळते आणि असलेले सांभाळणाऱ्याला मिळत नाही. वार्षिक मूल्यमापनाच्या वेळी नवे मॉड्यूल पूर्ण केले असे सांगता येते. तीन नकला काढून टाकून एक निर्दोष केली, तिचे वर्णन लिहिले, ती वापरणाऱ्या सहा गटांच्या शंका मिटवल्या, हे सांगायला रकानाच नसतो. हुशार तरुण मग देखभालीच्या कामाला शिक्षा समजू लागतात, आणि त्यांचा तसा समज होणे अगदी स्वाभाविक आहे. जोवर पालकत्व हा सन्मानाचा आणि बढतीचा हुद्दा होत नाही, तोवर भांडाराचे सर्व नियम कागदावर राहतील.

शासनापुरते तरी हे लगेच करता येण्याजोगे आहे, कारण निविदा शासनच काढते. सॉफ्टवेअरच्या प्रत्येक निविदेत पुनर्वापरयोग्य भाग कोणते, त्यांची गृहीते काय, आणि काम संपल्यानंतर किमान पाच वर्षे त्यांचे पालकत्व कोणाकडे, याचे कलम असावे, आणि त्या पालकत्वाची रक्कम मूळ किमतीत मिसळून न टाकता वेगळी दाखवावी. 2021 च्या डिसेंबरात लॉग4जे या सर्वत्र वापरल्या जाणाऱ्या लायब्ररीतील भयंकर दोष उघड झाला, तेव्हा ती आपल्याकडे कुठे कुठे वापरली आहे हेच जगभरच्या अनेक संस्थांना सांगता येईना; त्या अनुभवानंतर सॉफ्टवेअरमधील घटकांची यादी ठेवण्याचा आग्रह सर्वत्र सुरू झाला, आणि आपल्या सर्ट-इन या राष्ट्रीय यंत्रणेनेही 2024 मध्ये त्याबाबत मार्गदर्शक सूचना प्रसिद्ध केल्या. या सूचनांप्रमाणे प्रत्येक महापालिकेने आणि प्रत्येक खात्याने घटकांची यादी करायला घेतली, तर घटकाचे नाव, आवृत्ती आणि पुरवठादार यांच्या पुढे आणखी दोन रकाने आखावेत: हा घटक आज कोण राखतो, आणि त्याला त्याचे वेतन कोणत्या लेखाशीर्षातून मिळते.